मामांचे हात थरथरत नाहीत

आमच्याकडे म्हणतात, मामानं भाच्याला किंवा भाचीला मारलं तर म्हातारपणी त्याचे हात थरथरतात. का, ते कुणी सांगत नाही. मानतात मात्र सगळे.

नांदेडला मी एक मंगल कार्यालय सांभाळते. गेल्या लग्नसराईत तिथं आमच्याच नात्यातलं लग्न होतं आणि लातूरहून माझे मामा आले होते. वय ऐंशीच्या पुढे, कपाळाला विभूती, धोतर स्वच्छ. मुहूर्ताला थोडा वेळ असताना नवरीच्या हाराचा दोरा तुटला. बायकांची धांदल उडाली. मामांनी शांतपणे सुई मागून घेतली आणि चष्मा न लावता पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

शेजारच्या एक म्हाताऱ्या आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा गं हात! जरा म्हून हलंना. भाचरं घरात ठेवून शिकवली ह्या माणसानं, पण कुणाला बोट लावलं न्हाई."

मी तिथंच उभी राहून वाढप्यांना पंगतीचा क्रम सांगत होते. तो पूर्ण सांगितला, पाण्याचे जार मोजून घेतले आणि मगच ऑफिसात जाऊन बसले. कारण माझ्या लहानपणावरच्या पुस्तकाचा मसुदा तेव्हा प्रकाशकाकडे गेलेला होता, आणि मामांच्या घरावरच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं होतं: 'मामांनी माझ्या कानाखाली मारली तेव्हा मी सहावीत होते.'

आमचं गाव रेणापूर तालुक्यातलं. पुढच्या शिक्षणाला लातूर, आणि लातूरला मामा. त्यांची धान्याची आडत होती, घर मोठं होतं. मी आणि माझी धाकटी बहीण दहावीपर्यंत तिथं राहिलो. जेवण मिळालं, वह्या मिळाल्या. मारही मिळाला, आणि तो अधूनमधून नव्हे.

लिहायला बसले तेव्हा मी लग्नाच्या तयारीसारखीच पद्धत ठेवली होती. प्रत्येक प्रसंग तीन खणांपैकी एकात: स्वतः पाहिलेलं, दुसऱ्यानं सांगितलेलं, मी जुळवून घेतलेलं. तिसऱ्या खणातलं जे असेल ते सरळ काढून टाकायचं. कानाखालची चपराक मी बिनदिक्कत पहिल्या खणात टाकली होती. पण त्या दिवशी ऑफिसात बसून मी स्वतःला साधे प्रश्न विचारले. कुठला हात? कुठला कान? उत्तर येईना. आलं ते एवढंच की चपराक बसली तेव्हा बांगड्या वाजल्या होत्या.

मामांच्या हातात बांगड्या कुठून येणार?

दुसऱ्याच आठवड्यात एसटीनं लातूर गाठलं. बहीण तिथंच राहते. पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा तिनं मला बजावलं होतं, "तुझं तू लिही अक्का, पण मला त्यात आणू नको." मी तिचा शब्द पाळला होता. आता मात्र तिच्याशिवाय विचारायला दुसरं माणूस नव्हतं. ती चपराक खोटी निघाली तर प्रकरण काढावं लागलं असतं. एक वाक्य चुकलं की लोक सगळं पुस्तकच खोटं म्हणतात, आणि मग ती वर्षं आमच्या दोघींशिवाय कुणासाठीच घडलेली राहिली नसती.

ती अंगणात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. मी आडवळण न घेता विचारलं.

"मामानं?" ती म्हणाली. "मामानं कधी हात लावला न्हाई तुला. मलाबी न्हाई."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"अशी कामून बघतीस?"

"म्हणजे मी खोटं लिहून राहिले की."

"खोटं कुठं म्हणले मी? मारायची मामी. तो सांगायचा." तिनं सूप खाली ठेवलं. "पेपर वाचता वाचता बोटं वर करायचा. दोन, तीन, लई राग आला तर अख्खा पंजा. पेपर काय खाली यायचा न्हाई. आणि मामीनं हळू मारलं की म्हणायचा, ही मोजायची न्हाई, परत."

तिनं ते 'परत' त्यांच्याच आवाजात म्हटलं आणि मला सगळं दिसलं. पेपराच्या कडेवर आलेली ती बोटं. स्वच्छ नखं. बोटं अजिबात हलत नव्हती.

"स्वतः का मारत नव्हता?" मी विचारलं.

"आता गं! हात कापतील म्हून!" ती हसायला लागली. "पक्का आडत्या. मारायचं बी आणि पावती मामीच्या नावावर फाडायची."

मलाही हसू आलं. दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली. मग मी चहा मागितला, चष्मा लावला आणि मसुदा काढला. एकेक वाक्य तिला वाचून दाखवलं.

मार कशाचा होता ते बरोबर निघालं. मी गिरणीतून ज्वारी दळून आणली होती आणि पीठ वजनाला कमी भरलं. जात्यात, पिशवीत थोडं पीठ राहतंच. शेतकऱ्याच्या मालात रोज घट धरणाऱ्या माणसाला गिरणीतली घट मान्य नव्हती. हे वाक्य ऐकून बहीण म्हणाली, "हे झकास हाय. हे ठेव."

बंगईचं मात्र चुकलं. मी लिहिलं होतं की मामा बंगईवर झोके घेत होते आणि तिच्या कड्या करकरत होत्या.

"बंगई तर तू दहावीला असताना आली," ती म्हणाली. "तवा वेताची खुर्ची होती. एक हात मोडलेली."

कड्यांची करकर मला फार आवडली होती. प्रकाशकांनीही त्या ओळीशेजारी 'छान' असं लिहिलं होतं. मी ती खोडली.

परतीच्या एसटीत मी त्या चपराकेचा विचार करत होते. लहान असताना मी खोटं बोलले नव्हते. दिवाळीला गावी गेल्यावर आईला पाठीवरचे वळ दाखवले होते. तिचा पहिला प्रश्न होता, "मामानं मारलं?" मी खरं ते सांगितलं, नाही, मामीनं. आईचा जीव भांड्यात पडला. "ती परक्या घरची, तिचं मनावर घेऊ नको. भाऊ माझा देवमाणूस हाय." सुट्टी संपल्यावर आम्ही परत लातूरला. खरं बोलून मला काही मिळालं नाही. मग पुढं कधीतरी माझ्या आठवणीनं तो हात मामीचा काढून मामांचा केला असावा. हात चुकला, पण माणूस तिनं बरोबर ओळखला होता. आठवणीच्या या अकलेचा मला आज अभिमान वाटतो. फक्त पन्नाशीतल्या बाईनं तिच्या भरवशावर छापायचं नसतं, तपासायचं असतं.

नवीन प्रकरण मी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी बसून लिहिलं. सुरुवात अशी: 'मामांनी मला कधीही हात लावला नाही. मामी मारायची. किती, ते मामा बोटांनी सांगायचे.' मामीलाही मी सोडलेलं नाही. तिनं मारलं हे खरं आहे, ते लागायचं हेही खरं आहे. पण आणखी एक गोष्ट तितकीच खरी होती आणि जुन्या मसुद्यात ती नव्हती. मामा आडतीवर असताना त्या घरात आम्हाला कुणी एक फटका मारला नाही. मामीला जाऊन बरीच वर्षं झाली. 'कडक बाई होती,' एवढंच तिच्यामागं उरलं आहे.

छापण्याआधी मामेभावाला कळवलं. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी सांगायचं, हा माझा नियम आहे. तो आता आडत बघतो. भर दुपारी त्याचा फोन आला, मागं हमालांचा गलका.

"काय अक्का, लेखिका झालीस म्हणं. बाबानं मारलं म्हून लिहून राहिलीस?"

"नाही. पहिलं वाक्य ऐक. मामांनी मला कधीही हात लावला नाही."

"हाव! हेच तर मी म्हणून राहिलो. हे छाप. मोठ्या अक्षरात छाप."

"पुढचंही ऐक." मी वाचलं.

मागं कुणीतरी सोयाबीनचा भाव ओरडत होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मला वाटायचं ती बोटं मला एकट्यालाच दिसायची. मी बाजूला बसून जेवत असायचो."

"तुला दिसायची तर मग खोटं नाही ना?"

"खोटं न्हाई. पण अक्का, आता छापू नको. बाबा हायत तवर तरी नको. नंतर काय छापायचं ते छाप."

"नंतर छापलं तर त्यांना उत्तर देता येणार नाही. त्यांच्या माघारी बोलले असं होईल. ते आहेत तोवरच छापणार. त्यांना काही म्हणायचं असेल तर मी त्यांच्या समोर येऊन ऐकेन."

"लई ताठ झालीस गं."

"हाव," मी म्हटलं. "झाले खरी."

तासाभरात बहिणीचा फोन आला. भावानं तिला लगेच गाठलं होतं. अक्काला समजाव, म्हणाला होता.

"मग काय सांगितलंस?"

"म्हणलं, तिनं माझ्या अंगणात बसून एकेक शब्द निवडलाय, डाळ निवडावी तसा. आता मी कशाला समजावू?" मग म्हणाली, "अक्का, मला बी घे त्यात."

"तू दारामागं होतीस ना? तसं घालते."

"दारामागं न्हाई. तुझ्या बाजूलाच उभी होते."

माझ्या आठवणीत ती बाजूला नव्हती. बाजूला कुणीच नव्हतं. इतकी वर्षं त्या खोलीत मी एकटीच उभी होते. "नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हणजे? तुझ्यानंतर माझा नंबर असायचा."

मी संगणक उघडला. 'मी' असं जिथं जिथं होतं तिथं थांबत गेले, तिला फोनवर विचारत गेले, आणि जिथं ती हाव म्हणाली तिथं 'आम्ही दोघी' केलं. ती शेवटपर्यंत फोनवर होती. त्याच दुपारी प्रकरण प्रकाशकाकडे पाठवून दिलं.