ओल्या पोत्याचे दुसरे टोक

वणीत सकाळ आधी ओठांवर उतरते. जीभ फिरवली की कोळशाच्या धुळीची कोरडी, किंचित कडू चव लागते आणि उजाडल्याचे कळते. बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावरही तीच धूळ साचलेली असते. तिच्यावर बूट घसरतात, चेंडू तळव्यांवर काळे ठसे ठेवतो. म्हणून आमच्या महिला संघात सरावाआधी दोघींनी एक ओले पोते दोन टोकांना धरून या बास्केटपासून त्या बास्केटपर्यंत ओढत न्यायचे, अशी रीत आहे. एक टोक माझे असे, दुसरे मैत्रिणीचे. कॉलेजात आम्ही एकाच संघातून खेळलो. पुढे माझ्या गुडघ्याने साथ सोडली आणि मी संघाची व्यवस्थापक झाले. ती खेळत राहिली.

संघात कुणाला घ्यायचे आणि किती मानधन द्यायचे, हे जुळवणे माझे काम. आमच्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण मानधनाला मर्यादा आहे. ती ओलांडली, तर वरच्या प्रत्येक रुपयामागे आणखी एक रुपया लीगच्या निधीत दंड म्हणून भरावा लागतो. पैसेवाल्या संघाने सगळ्याच चांगल्या मुली पळवू नयेत, एवढाच हेतू. यंदा मुकुटबनची एक उंच मुलगी आम्हाला मिळाली. तिने हात उंचावला की बास्केटच खाली वाकल्यासारखी वाटते. तिला घेतले आणि आम्ही मर्यादेच्या वर गेलो. मानधन सर्वांत मोठे होते ते माझ्या मैत्रिणीचे.

संघाचे मालक कोळशाच्या ट्रकांचे धनी. डिझेलच्या वासाने जड झालेल्या त्यांच्या खोलीत मी उभी होते.

"मॅडम, दंड मी कायले भरू? मले टायर घ्याचे आहेत. तुमच्या मैत्रिणीले म्हना, यंदा बिनापैशाची खेळ. घरचीच तर हाय."

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. खोलीभर हिरवा, ओलसर वास होता. मालकांचे म्हणणे मी तसेच सांगितले.

"फुकट?" ती हसली. "तुह्या ट्रकवाल्याले म्हनाव, एक दिवस कोळसा फुकट नेऊन दाखव."

"तुले संघात ठेवाचं म्हनून इचारून राह्यली वं मी."

तिचे हसू मावळले. "पोरीइले मानधन द्या म्हनून आपन दोघीच त्या मैदानात धरनं धरून बसलो होतो ना? आता मीच फुकट खेळली, तर उद्या त्या उंच पोरीले कोन देइन?"

ती म्हणत होती ते खरे होते, आणि मला ते नको होते.

"मंग मी एकटी काय करू तिथं?"

"पोतं ओढ," मेथीची काडी बाजूला टाकत ती म्हणाली.

तिला मी संघातून मोकळे केले. कळंबच्या संघाकडे मर्यादेत जागा होती. त्यांनी तिला घेतले, पूर्ण मानधनावर.

त्यानंतरच्या सकाळी मी पोते एकटीने ओढू लागले. मुलींपैकी कुणालाही हाक मारता आली असती, मारली नाही. एकटीच्या हातात पोते मधोमध गोळा होते, सिमेंटवर दमेकरी श्वासासारखे अडखळत घासते आणि कडेला धुळीचा एक काळा पट्टा तसाच राहतो. माझ्या मुली चांगल्या खेळत होत्या. उंच मुलीने चेंडू टाकला की जाळीतून हलकी सळसळ येई. त्या सळसळीवर बोलायला माझ्या शेजारी कुणी नसे.

मग कळंबचा संघ आमच्याकडे खेळायला आला. मैदान पुसणे यजमानांचे काम. समोरच्या बाकावर, परक्या रंगाच्या जर्सीत, ती बुटांच्या नाड्या बांधत होती. मी मान खाली घालून पोते ओढत निघाले.

"कोपरा सुटला वं!"

तिचा आवाज मैदानभर घुमला. तिचा बाक हसला. मी मागे पाहिले. कोपरा खरेच दुमडला होता, आणि त्याच्यामागे काळा पट्टा पार पहिल्या बास्केटपासून चालत आला होता.

ती उठली नाही. तिने उठायचेही नव्हते. ती आता त्यांची होती. मी वाकून ओला, गार कोपरा बोटांनी सरळ केला, पोते उचलले आणि पुन्हा पहिल्या बास्केटखाली जाऊन उभी राहिले.