टाका कुणाचा?

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी चटईवर लोळून लोकांचे गळे कसले आवळतेस, असं आमच्या वहिनीला कुणी विचारलं की ती मान वर न करता म्हणते, "माप द्यायचंय का? नसेल तर उजेड सोडा." शिलाईचं दुकान तिचं. मी नणंद, काजं-बटणं करते आणि फुकटचे सल्ले देते.

जुजुत्सू म्हणजे जपानी कुस्ती, तिच्या क्लासची जाकिटं आमच्याकडे दुरुस्तीला यायची. एवढ्या जाड कॉलरी उसवतात तरी कशा, म्हणून ही बघायला गेली आणि तिथलीच झाली. डाव हिचा एकच. पाठीवर पडायचं, समोरचीच्या कमरेभोवती पाय आवळून पावलं एकमेकांत अडकवायची. त्याला म्हणे क्लोज्ड गार्ड म्हणतात. मग तिला अंगावर ओढायचं, एक हात कॉलरीत पार मानेपर्यंत घालायचा, दुसरा त्याच्या खालून पलीकडच्या कॉलरीत, आणि मनगटं वळवून कोपरं स्वतःकडे खेचायची. तिनं हार मानून थाप मारली की सोडायचं.

सगळं जमायचं हो! पण कापड टर्र वाजलं की हिचे हात आपोआप सैल. तीस वर्षं टाके घालणारी बाई, उसवल्याचा आवाज सोसतच नाही तिला. तीन स्पर्धा अशाच घालवल्या. सरांनी कपाळाला हात लावला. यंदा ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "या वेळी सोडलं ना, तर हा नाद कायमचा बंद." मला फार वाईट वाटलं. क्लासहून येतानाच काय ती गुणगुणत येते.

लढत नेमकी बेकरीवालीशी. पीठ मळून दंड हे असे! तिचं जाकीट आठवड्यापूर्वीच आमच्याकडून गेलेलं. कॉलर मी शिवली होती, वहिनीला न दाखवता.

वहिनी खाली पडली, पाय आवळले. पहिला हात गेला, दुसराही गेला. बेकरीवाली लालबुंद. आणि टर्रर्र!

"सोडू नको गं बये!" मी किंचाळले आणि डोळेच मिटून घेतले. थाप ऐकू आली तेव्हा उघडले. बेकरीवाली थाप मारत होती आणि वहिनीचे हात अजून कॉलरीतच होते.

पंचांनी तिचा हात वर केला. मग बेकरीवालीला ओढत ती थेट माझ्यासमोर आली आणि उसवलेली कॉलर माझ्या नाकाशी धरली.

"हा टाका तुझा."

"घाई होती गं त्या दिवशी..."

"आवाजावरूनच ओळखला. माझा असता, तर आजही हात सुटला असता माझा."

एवढं बोलून ती माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मग मीही रडले.

बेकरीवाली मान चोळत उभी. "तुमचं आटपलं की माझी कॉलर कोण शिवणार तेवढं सांगा."

"मी!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"तू नाही," वहिनी मला म्हणाली.