मंदारचं अठ्ठावीस

भूत, आत्मा, संकेत... माझा यावर कधीच विश्वास नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. अशी पुस्तकं मी नोंदवून कपाटात लावतो, वाचत नाही. तरी या हिवाळ्यात सानपाड्याला आमच्या घरी जे घडलं, ते लिहून काढावंसं वाटतंय.

माझा धाकटा भाऊ मंदार दिवाळीनंतर अचानक गेला. त्याला एक नाद होता – कम्प्युटरची मेमरी कंपनीने ठरवून दिलंय त्याहून जास्त पिटाळायची. त्यात टायमिंग म्हणून एक आकडा असतो. माहिती मागितल्यावर ती हजर करायला मेमरीला किती उसंत द्यायची, तो. आकडा जितका लहान, तितकी उसंत कमी आणि चुकायची भीती जास्त. कंपनीचा आकडा चाळीस. मंदारने तो तीसवर आणला होता. अठ्ठावीसवर मात्र मशीन धड चालूच होत नसे.

नवा आकडा टिकतो का हे तपासणारी त्याची टेस्ट सुरू असली की घरात "झालं का?" विचारायला बंदी. म्हणायचा, "दादा, बाहेर निघालेल्याला कुठे चाललास विचारतं का कुणी?" आईने एकदा विचारलं आणि त्याच मिनिटाला एरर आली. तेव्हापासून तीसुद्धा खुणेनेच विचारायची.

आता त्या मशीनवर त्याची बायको, शाल्मली, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. घर त्यावर चालतं. तो गेल्यावर काही आठवड्यांतच मशीन काम अर्धवट टाकून बंद पडायला लागलं. लोकांचे फोन सुरू झाले.

एका रविवारी सकाळी मंदारचा मित्र सागर आला. शिरवण्याचा, कम्प्युटर दुरुस्तीवाला.

"वयनी, तीसवर लय ताण परतो. चालीसवर आनतो, मंग टेन्शन नाय."

मंदारच्या हातचं, अजून जसंच्या तसं चालू असलेलं, घरात ते तीसचं सेटिंग तेवढंच उरलं होतं. शेवटी शाल्मली म्हणाली, "करा भावोजी. कामं गेली तर तोच माझ्यावर ओरडेल."

चाळीसवर टेस्ट लावली. थोड्याच वेळात एरर. सागरने आकडा आणखी वाढवला, म्हणजे आणखी उसंत दिली. आधीपेक्षा लवकर एरर!

"अशी मेमरी मी जन्मात नाय बगली," सागर डोकं खाजवत म्हणाला. "आराम दिला का रडते!"

"मालकावर गेलीय," शाल्मली म्हणाली. "सुट्टी घेतली की तोही आजारी पडायचा."

आणि ती हसली. मंदार गेल्यापासून पहिल्यांदा.

"मग अठ्ठावीस लावा."

"वयनी, चालूच नाय व्हयाची."

"लावा हो. नाही झाली तर परत वाढवू."

आकडा तिनेच टाकला. मशीन मुकाट्याने चालू झालं. टेस्ट सुरू झाली. "झालं का?" कुणीच विचारलं नाही. एरवी तोंडाला खीळ नसलेला सागर पोह्यांची दुसरी प्लेटही न बोलता संपवून बसला. आई देवघर सोडून कम्प्युटरसमोर हात जोडून उभी होती.

दुपारी टेस्ट संपली. एरर – शून्य.

सागरला पटेना. पुन्हा लावली. पुन्हा शून्य.

"हा मंद्या ना..." एवढंच म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शाल्मली हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढे एकदा सागर त्या मेमरीच्या पट्ट्या आपल्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या मशीनवर अठ्ठावीसला स्क्रीन काळी, चाळीसला एकही एरर नाही. परत आणून आमच्या मशीनमध्ये बसवल्या, तर सगळं उलट. त्याने आधी उष्णतेला दोष दिला, मग व्होल्टेजला, आणि तपासून दोन्ही स्वतःच खोडून काढले. मीही याविषयी जमेल तेवढं वाचलं. उत्तर मिळालं नाही.

मशीन तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. शाल्मलीची अडकलेली सगळी लग्नं पार पडली, नवी येताहेत. वाचकांत कुणी जाणकार असतील तर त्यांनी जरूर येऊन बघावं. फक्त आकड्याला हात लावायचा झाल्यास शाल्मलीची परवानगी लागेल – आणि ती मिळणार नाही.