बर्थाबायची कप्पी

बर्थाबायला माणसं आवडत नव्हती असं कुणी म्हटलं, तर मी भांडेन. आवडायची, पण तिच्या सवडीनं. नंदाखाल गावातल्या आमच्या आळीत क्रुसापाशी प्रार्थना असली की सगळ्यांत वरचा सूर तिचाच. प्रार्थनेनंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटून झाले, की ती सरळ घरी जायची आणि फाटक लावून घ्यायची. "दिरा-नणंदांच्या गोतावळ्यात जन्म गेला. आता माझा चहा मला एकटीला पिऊ द्या," म्हणायची.

रायनला, तिच्या मुलाला, हे पटत नव्हतं. चंदनसारला त्याचा नवा फ्लॅट होता. "आई, इथं काही झालं तर कुणाला कळणार?" दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर हाच वाद. बर्थाबाय दाद देत नव्हती, पण हल्ली वाद अर्धा टाकून चहा ठेवायला उठायची. नाताळनंतर तिला न्यायचंच, असं रायननं ठरवून टाकलं. त्या रविवारी जाताजाता त्यानं विहिरीच्या कप्पीत तेल घातलं, आईच्या हाताला जरा हलकं जावं म्हणून.

सोमवारी सकाळी माझी मार्था चहा गाळता गाळता थांबली.

"अहो, बर्थाबायची कप्पी वाजली नाही."

मी बाहेर आलो, तर पलीकडचा आलोशियस कुंपणाशी उभाच. ती कप्पी अशी किरकिरायची की आम्ही तिला रोज शिव्या घालायचो. आज ती गप्प. आम्ही तिघं धावतच तिच्या दाराशी गेलो. हाका मारल्या, उत्तर नाही. आलोशियसनं खांदा लावून पुढचं दार उघडलं, कडी तुटून पडली. घरात कुणीच नव्हतं.

"कोण मेलं शिरलंय माझ्या घरात?" बर्थाबाय मागच्या केळीतून कोयता घेऊन आली.

मार्था रडायलाच लागली. "कप्पी वाजली नाही, बाय."

बर्थाबायचा कोयता खाली आला. "रोज ऐकता?"

"रोज," आलोशियस म्हणाला. "त्याशिवाय मी तोंड धूत नाय."

तिनं कडीचे तुकडे उचलले आणि आम्हाला चहाला बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! दुपारी पाहिलं तर बाय राखेनं कप्पीचं तेल घासून काढत होती.

पुढच्या रविवारी रायननं पुन्हा तोच प्रश्न काढला. बर्थाबाय म्हणाली, "अख्ख्या आळीला कळतं. दार बघ, अजून कडी नाही." खरं-खोटं करायला तो आमच्याकडे आला आणि त्यानं मार्थाकडून सोमवारची सगळी हकीगत ऐकून घेतली. नाताळनंतरचं बोलणं त्यानं पुन्हा काढलं नाही. निघताना मागच्या वेळेसारखाच तेलाची बाटली घेऊन विहिरीकडे वळला.

"तिकडे नको," बर्थाबाय ओरडली. "फाटकाला घाल. फार जड उघडतं."