पावडर कोणती, ते तं विचारा

थांबा, हे आत्ताच सांगा लागते, नाहीतं माह्यं डोस्कं फुटीन! मी पोलीस भरतीच्या ग्राउंडबाहीर लिंबाच्या झाडाखाली बसून टाइप करून राह्यली. माह्या उजव्या बुटात रक्त हाय. अन् दोन हातावर माह्या बाबा मोटरसायकलले टेकून घोरून राह्यला, त्याच्या बोटाले पट्टी हाय. ते बोट मी चावलं. खोटं नाही सांगत, हाडापर्यंत.

आज आठशे मीटर होतं. दोन वर्षं मी याच एका दिवसासाठी पळाली. अन् परवा सकाळी हा राडा झाला!

मी रोज जानेफळच्या रस्त्यानं पळते अन् घरी आली का शेक करते. मोबाइलवाले त्याले स्मूदी म्हणतेत. त्यात प्रोटीन पाहिजे, म्हणून मी फुटाण्याचं डाळं मिक्सरमधी पीठ होईस्तोवर फिरवते अन् ते पावडर बरणीत भरून ठेवते. दोन केळं, एका सीताफळाचा गर (चाळणीवर घासा लागते, बिया काढता काढता जीव जाते), भिजवलेले शेंगदाणे, गिलासभर दूध, अन् वरून वाटीभर पावडर. मिक्सर असा बोंबलते का शेजारची म्हैस खुट्याले हिसके देते.

आई रोज म्हणते, "हा शेक होय का वं? मले तं भिताडाले लावाचा गारा वाटते."

"पेऊन तं पाह्य."

"मले नाही लिपून घ्याचं पोट."

परवा बाबा हरभरा पेराले वावरात गेला होता. पेराच्या आंधी बियाण्याले बुरशी लागू नये म्हणून जहरी पावडर चोळा लागते. आमच्या घरी तिले बी पावडरच म्हणतेत. बस, इथीच सगळी गोची!

त्याचा फोन आला. आईचे हात कणकीत, म्हणून मीच स्पीकर लावून दिला.

"अवं, पावडर कुठी हाय? मले भेटून नाही राह्यली."

"पावडर? ते तं तुमच्या पोरीनं पेली नं! दुधात घालून. वाटीभर!"

फोन कट. आई म्हणे, "पाह्य, वावरात रेंजच नाही राहत." मी गिलास हातात धरून ओट्यापाशी उभी, आरामात घोट घेऊन राह्यली.

दहा मिनिटांत मोटरसायकल दारातल्या बादलीवर आदळली. बाबा आत आला तो उडी मारूनच. पह्यल्या झटक्यात गिलास उडवला, फरशीभर काचाच काचा. दुसरा हात माह्या कानाखाली.

"ओक! ओक म्हणतो नं वं!"

मले वाटलं, यानं सीताफळं कोणासाठी राखून ठेवले होते का काय? अजून एक झापड बसली. मंग माह्यी वेणी धरली, डोकं खाली दाबलं अन् दोन बोटं सरळ घशात! पायाखाली काचा, घशात बोटं, नाकातून केळ. डोळ्यापुढं नुसता अंधार. मी बी गोळा फेकणारी पोरगी हाव. कोपर मागं फिरवलं, त्याच्या बरगडीत हाणलं, अन् कचकन चावली. दात हाडाले लागले. सीताफळ अन् रक्त, दोन्हीची चव एकाच तोंडात. तो बोंबलला, पण बोट काही काढे ना. अजूनच आत घाले!

आईले वाटलं, याच्या अंगातच आलं. तिनं लाटणं उचललं अन् बाबाच्या पाठीत धपाधप, धपाधप.

"सोडा! पोरीले सोडा! येडे झाले का तुम्ही?"

"तू हो बाजूले! मरून राह्यली नं ते!"

"कोण मरून राह्यली?"

"पावडर पेली नं तिनं!"

लाटणं वरच्या वर थांबलं.

"अवो, तिची पावडर पेली! डाळ्याची!"

बाबानं माह्या दातातून बोट सोडवलं. बरणीपाशी गेला, रक्ताचा हात तसाच आत घातला अन् मूठभर पावडर तोंडात कोंबली. चावत राह्यला. ठसका लागला तं तोंडातून पिठाचा धूर निघाला. मंग भिताडाले टेकून खाली बसला.

अन् ते जहरी पावडर कुठी होती, माहीत हाय? मोटरसायकलच्या हँडलले टांगलेल्या थैलीत! तो तिलेच घेऊन वावरात गेला अन् तिलेच घेऊन वापस आला.

डॉक्टरनं माह्या तळपायाले चार टाके घातले, त्याच्या बोटाले तीन. विचारलं, "हे काय चावलं? कुत्रं असन तं इंजेक्शन घ्या लागते."

बाबा म्हणे, "कुत्रं नाही, पोलीस चावली."

"अजून झाली नाही मी," मी म्हटलं. माह्यं एका बाजूचं थोबाड सुजलेलं, शब्द बी वाकडे निघत होते.

डॉक्टर म्हणे आठ दिवस पाय टेकवाचा नाही. मी आज टेकवला. शेवटच्या वळणावर टाका तुटला, बुटात गरम गरम लागलं, दोन पोरी माह्या पुढून गेल्या. मार्क गेले. गोळा मात्र असा फेकला का मोजणारा मागं सरकला. मेरिटमधी बसन का नाही, काहीच माहीत नाही.

बाहीर आली तं बाबा बाटली घेऊन उभा. सकाळी यानंच शेक केला, पट्टीच्या बोटानं, मिक्सरचं झाकण न लावता. छताले केळ अजून चिकटून असन. मी हात पुढं केला तं त्यानं बाटली दिलीच नाही. पह्यले आपणच दोन घोट पेला. तोंड पुसलं. अन् माह्याकडे न पाहता बाटली पुढं केली.

मंग म्हणे, "घे. डाळ्याचीच हाय."

मी सगळा पेऊन टाकला. गुठळ्याच गुठळ्या होत्या.

आता सांगा, तुमच्या घरी बी दोन डब्यांले एकच नाव हाय का? अन् त्याच्यापायी तुमचा जीव वाचवाले तुम्हालेच कोणी असं बदडलं का कधी?