फोल्डरसाठी केलेला अर्ज

माझ्याच लॅपटॉपने मला परवानगी नाकारली तेव्हा मला राग आला नाही. मी ओशाळलो. न विचारता आपण कुठेतरी हात घातला असणार, असंच मला वाटलं.

मी नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे तिथे काय विचारून करायचं आणि काय न विचारता, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. मी आपला सोपा मार्ग काढला होता, सगळंच विचारायचं. वर्गातली खिडकी उघडू का, पंख्याखाली बसू का. एकदा तर मी शिपाईमामांना विचारलं होतं, जिन्याने वर जाऊ का. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "लिफ्ट न्हाई आपल्याकडं."

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एक काम काढलं. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी घेऊन पावसाचा नकाशा तयार करायचा होता. जिल्ह्याच्या एका टोकाला अकोले तालुक्यात पाऊस झोडपून काढतो आणि आमच्या कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या बाजूला, ढग नुसते पाहुण्यासारखे येऊन चहा न घेता निघून जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते आकड्यांतून दाखवायचं होतं. या कामाला दुसऱ्या वर्षातला एकच विद्यार्थी त्या घेणार होत्या. वर्गात त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, त्याच नावाचा दुसरा कोणी उभा राहतोय का म्हणून. अट एवढीच होती की त्यांनी दिलेला नमुना नकाशा शुक्रवारपर्यंत स्वतःच्या लॅपटॉपवर काढून दाखवायचा. नाही जमलं तर दुसरा मुलगा.

आणि नाही जमलं तर माझी सुट्टी कुठे जाणार हेही ठरलेलं होतं. माझे चुलते नागापूरला एमआयडीसीत एका कंपनीत आहेत. पॅकिंगला हेल्पर म्हणून त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्यात कमीपणा काहीच नव्हता. आदल्या सुट्टीत मी तेच केलं होतं आणि खोक्यांना चिकटपट्टी लावण्यात माझा हात चांगला बसला होता. पण नकाशाचं काम मला हवं होतं. इतकं हवं होतं, की हवं आहे असं मोठ्याने म्हणायचीही मला भीती वाटायची.

काम 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत होतं. या भाषेत पॅकेजं असतात, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेली तयार सामग्री. आपण ती घ्यायची आणि आपलं काम करायचं. माझ्याकडचं नकाशाचं पॅकेज जुनं झालं होतं. ते अपडेट केल्याशिवाय नकाशा येत नव्हता, आणि अपडेट करायला गेलं की लाल अक्षरांत उत्तर यायचं, या फोल्डरमध्ये लिहिण्याची तुम्हाला परवानगी नाही. पाठोपाठ एक छोटी चौकट उघडायची. तिच्यात इंग्रजीत विचारलेलं असायचं, मग पॅकेजं ठेवायला तुमची स्वतःची वेगळी जागा करू का? खाली हो आणि नाही.

मी नाही म्हणालो.

आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या मनात शंकाही आली नाही. आमच्या घरात तीन भावांची एक चूल आहे. गल्लीत कोणी वेगळं निघालं तर महिनाभर बायका दुसरा विषय काढत नाहीत. 'वेगळं करू का?' या प्रश्नाला चांगल्या घरातल्या मुलाचं एकच उत्तर असतं. इतकी सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने राहत असताना मी एकट्याने सवतं बिऱ्हाड मागायचं, हे मला बरं दिसलं नाही. मी पुन्हा आदेश दिला, पुन्हा तीच चौकट आली आणि मी पुन्हा तितक्याच नम्रपणे नाही म्हणालो.

माझा रूममेट राजूरकडचा, इतिहास घेऊन बीए करणारा. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध सिनेमापुरता. तो म्हणाला, बंद करून चालू कर. इतिहासवाल्याचं काय ऐकायचं म्हणून मी ते केलं नाही. इंटरनेटवर शोधलं तर एकाने लिहिलं होतं, प्रोग्राम प्रशासक म्हणून उघडा. तसं करायला गेलो तर सगळा स्क्रीन काळवंडला आणि मधोमध प्रश्न आला, या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? स्क्रीन असा काळवंडला म्हटल्यावर हे काहीतरी गंभीर असणार. मी नाही म्हणालो.

"तूच त्याला बदल कर म्हनला ना?" रूममेटने विचारलं.

"हो."

"मग तो इचारतोय तर न्हाई कशाला म्हनतो?"

"असं थेट विचारलं की नाहीच म्हणायला होतं."

"तुझं लई अवघड हाय. मेसमध्ये भाजी वाढू का इचारलं तरी तू न्हाई म्हनतो. मावशीनं दुसऱ्यांदा इचारलं की मग ताट पुढं करतो. ह्यो काय मावशी हाय का?"

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरेपणा, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. पण लॅपटॉपला आग्रह करण्याची रीत कोणी शिकवली नव्हती. तो एकदा विचारायचा, माझा नकार मनावर घ्यायचा आणि चौकट बंद करून गप्प बसायचा.

गुरुवारी मला एकदम उलगडा झाला. निदान मला तसं वाटलं. आर माझ्या लॅपटॉपवर आलं होतं ते मॅडमच्या पेनड्राइव्हवरून, म्हणजे विभागाचं. आमच्या लॅबच्या दारावर पाटीच होती, परवानगीशिवाय सेटिंगमध्ये बदल करू नये. मग परवानगी विभागाकडेच असणार. आणि परवानगी मागण्याची एक गोष्ट मला उत्तम येत होती. शिष्यवृत्ती, बसचा पास, उत्पन्नाचा दाखला, सगळे अर्ज मी स्वतः लिहिले होते.

मी आखीव कागद घेतला. 'विषय : फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी मिळणेबाबत.' खाली 'महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की'. फोल्डरचा पत्ता सी ड्राइव्हपासून संपूर्ण लिहिला, जसं आपण मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहितो. शेवटी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथले क्लार्क, ज्यांना सगळं कॉलेज भाऊसाहेब म्हणतं, त्यांनी तो दोनदा वाचला.

"लॅपटॉप कोणाचा?"

"माझा."

"कॉलेजचा नाही?"

"नाही भाऊसाहेब. वडिलांनी घेऊन दिलाय."

"मग वडिलांची सही लागंल."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मी म्हणालो, वडील गावी असतात, फोनवर बोलणं करून दिलं तर चालेल का? त्यांनी अर्ज तिसऱ्यांदा वाचला. मग आवकचा शिक्का मारला, अर्ज मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला आणि दुसरीकडे तोंड करून खोकले. त्या खोकल्याचा अर्थ मला पुढे कळला. त्या वेळी मी समाधानाने बाहेर पडलो. काम मार्गी लागलं होतं.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी बोलावलं, लॅपटॉप घेऊन ये म्हणून. टेबलावर माझा अर्ज होता.

"हा तू लिहिलास?"

"हो मॅडम. काही चुकलं का?"

"शुद्धलेखन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आता मला करून दाखव."

मी आदेश दिला. लाल अक्षरं आली, मागोमाग चौकट आली, आणि माझं बोट सवयीने नाहीकडे निघालं.

"थांब. 'नाही' कशाला?"

मी सांगितलं. वेगळ्या बिऱ्हाडाचं, गल्लीतल्या बायकांचं, पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं हावरेपणाचं वाटण्याचं, सगळं. कॉलेजात आल्यापासून मी एका दमात इतकं बोललो नव्हतो. बोलता बोलताच मला कळलं की आपण काय करून बसलोय, पण थांबता येईना. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे जरा हलल्यासारखे वाटले. मला वाटलं, संपलं. आता चिकटपट्टी.

त्या वळल्या तेव्हा चेहरा सरळ होता. त्यांनी सांगितलं की ते मोठं फोल्डर विंडोजने कुलूपबंद ठेवलेलं असतं, कोणाच्या हातून चुकून काही बिघडू नये म्हणून. त्यात तुझ्यावर संशय नाही आणि त्यात कॉलेजचाही हात नाही. पण तुझ्या नावाने जे फोल्डर आहे तिथे तुला कोणी अडवत नाही, आणि तिथेच जागा करू का, एवढंच तो विचारतोय.

"कोणाचं काही काढून घेत नाहीयेस तू. हो म्हण."

मी हो म्हणालो. लगेच दुसरी चौकट आली, खरंच करू का म्हणून. म्हणजे आग्रह त्यालाही येत होता, फक्त पहिल्यांदा हो म्हटल्यावर. मी पुन्हा हो म्हणालो. स्क्रीनवर ओळी भराभर वर सरकायला लागल्या आणि एकही लाल नव्हती. तरीही नकाशा येईना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, जुनं पॅकेज अजून चालूच आहे, सगळं बंद करून परत चालू कर. हे मी रूममेटला आजतागायत सांगितलेलं नाही.

मग नकाशा आला. वर डाव्या कोपऱ्यात अकोल्याचा भाग गडद निळा, आणि खाली आमचा कर्जत तालुका इतका फिकट की रंग भरायचा राहून गेलाय असं वाटावं. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

"सोमवारपासून ये," मॅडम म्हणाल्या.

"येऊ का?" मी विचारलं.

"आता यासाठी अर्ज करू नकोस."

चुलत्यांना सांगणं राहिलं होतं. त्यांनी माझ्यासाठी सुपरवायझरकडे शब्द खर्च केला होता, तो परत घ्यायला लावायचा म्हणजे मोठी गोष्ट. खोलीत फेऱ्या मारत मी वाक्य पाठ केलं : नाना, या सुट्टीत मी कंपनीत येणार नाही, मला कॉलेजात काम मिळालंय. ठाम आवाजात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. फोन लावला. पलीकडे मशिनचा आवाज होता.

"नाना, सुट्टीत कंपनीत नाही आलो तर चालेल का?" मी म्हणालो.

ते विचारायला लागले, का, तब्येत बरी न्हाई का. मी कामाचं सांगितलं, पावसाच्या नोंदी, आकडे, नकाशा. पडलेल्या पावसाच्या नोंदी की पडायच्या पावसाच्या, त्यांनी विचारलं. पडलेल्या, मी म्हणालो. पडून गेलेल्या पावसाचं आता काय करायचं, या त्यांच्या प्रश्नावर मी म्हणालो की मला ते करावंसं वाटतं. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"आरं, तुजी सुट्टी हाय. मला काय इचारतो?" ते म्हणाले. "मी सांगतो सुपरवायजरला, पोरगं कामाला लागलं म्हनून. आयतवारी जेवायला ये."

मी बरं म्हणालो. मग फोन ठेवू का, असं विचारलं. त्यांनी आधीच ठेवला होता.