निळ्या बाटलीची पैज

नारिन शहराचा टॅक्सीवाला सोवेतबेक पेट्रोल वाचवणाऱ्या औषधांना भुलणारा नव्हता. तरी मेहुण्याने तसल्याच औषधाची निळी बाटली आणली.

"दाजी, दोन झाकणं टाकीत ओता. पेट्रोल कमी लागलं नाही, तर मी मिशी काढतो."

"आणि कमी लागलं, तर माझी काढ."

साक्षीला सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. घाट चढून गाडी परतली, तर पेट्रोल खरंच कमी जळलेलं. मेहुणा वस्तरा घेऊन नाचायला लागला. मिशी कुरवाळताना सोवेतबेकला आठवलं, सासूबाई शेजारी म्हणून आपण सगळ्या घाटात गाडी बैलगाडीसारखी हळू हाकली.

दुसऱ्या दिवशी नवं पेट्रोल भरून, बाटलीशिवाय, सासूबाईंना पुन्हा त्याच घाटातून फिरवून आणलं. पेट्रोल तेवढंच कमी लागलं.

"औषध तुझ्या आईत आहे, बाबा," तो मेहुण्याला म्हणाला.

सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि त्यांनीच लेकाच्या मिशीला साबण फासला.